लोकरीपुरता होकार

“तू सांगितलंस, ताई,” एवढंच बोलून धाकटीने फोन ठेवला. सकाळचे साडेनऊ झाले होते, गॅसवर चहाचं पाणी होतं, आणि सहीबाईंच्या डाव्या हातात अर्धवट विणलेली स्वेटरची बाही सुयांसकट लोंबत होती. त्यांनी फोन परत लावला. तो वाजून वाजून बंद झाला. धाकटी असा फोन कधीच ठेवत नसे. ठेवताना ती तीनदा “बरं मग” म्हणायची. बरं मग ठेवते, बरं मग खरंच ठेवते, आणि तिसऱ्या “बरं मग”नंतर तिला काहीतरी नवीन आठवायचं आणि पुढची वीस मिनिटं जायची. आज एकही “बरं मग” नाही. चहाचं पाणी उकळून उकळून निम्मं झालं तेव्हा कुठे सहीबाईंनी गॅस बंद केला, आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. काय सांगितलं हे विचारायची गरज नव्हती. दोघींमध्ये न सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी भिंतीलासुद्धा सांगितली नव्हती. आधी त्यांना भीती वाटली, आणि भीतीच्या पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली. मी? मी सांगितलं? चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या खिडकीत बसून शेकडो बायकांची दुखणी पोटात ठेवली, नवऱ्याला कळू नये म्हणून कुणी, सासूला कळू नये म्हणून कुणी, आणि सख्ख्या बहिणीचं एवढंसं गुपित मी बाहेर सांडलं?

सहीबाई हे त्यांचं नाव नव्हे. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घेणं हे त्यांचं काम, म्हणून वॉर्डातल्या बायकांनी पाडलेलं ते नाव. नोकरी सुटून सतरा वर्षं झाली तरी बाजारात एखादी म्हातारी मागून हाक मारते, “अहो सहीबाई, ओळखलंत का? माझं पित्ताशय!” आणि सहीबाईंना चेहरा आठवत नाही, पण पित्ताशय आठवतं, खाटेचा नंबर आठवतो, सही करताना त्या बाईने जीभ बाहेर काढली होती तेही आठवतं. असल्या आठवणशक्तीचा त्यांना थोडा गर्वच होता. तीन आठवड्यांपूर्वी धाकटीने ते सांगितलं, त्या क्षणी पहिल्यांदा त्यांना त्या गर्वाची लाज वाटली.

तो गुरुवार होता. गुरुवारी त्या धाकटीकडे जातात, भाचा आणि भाचेसून कामावर गेलेले असतात, घर दोघींचं असतं. धाकटीने चहा केला आणि कपात साखर घालून चमचा हातातच धरून उभी राहिली. मग म्हणाली, “ताई, परवा मी वाचनालयाच्या दाराशी चावी घेऊन उभी होते. कुलूप समोर, चावी हातात. आणि पुढे काय करायचं तेच सुचेना.” सहीबाई हसल्या, “अगं, होतं असं.” धाकटी हसली नाही. “होत नाही असं. चष्मा विसरणं होतं. हे वेगळं आहे.” गल्लीच्या टोकाच्या छोट्या वाचनालयात धाकटी आठवड्यातून तीन दुपारी टेबलाशी बसायची, पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, आणि आतल्या चिठ्ठीवर परत तारखेचा शिक्का मारायची. अकरा वर्षं. त्या शिक्क्याचा तिला इतका शौक की तो ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. “या वर्षअखेरपर्यंत मला बसू दे,” ती म्हणाली. “मग मी स्वतः जाऊन चावी देईन, आणि स्वतः मुलाला सांगेन. त्याला आधी कळलं ना, तर तो मला काचेच्या कपाटात ठेवेल. कुणाला सांगू नकोस.” सहीबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. “नाही सांगणार.” त्यांच्या घरात शब्द असाच दिला जायचा, हात ठेवून. आई गेली त्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या मनगटावर असाच हात ठेवला होता, काय वचन दिलं ते आज दोघींनाही सांगता आलं नसतं.

मग, बघू तरी काय असतं ते, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा टॅब त्यांनी पुढे ओढला. टॅब घरातल्या सगळ्यांचा. भाचेसून त्यावर बघून स्वयंपाक करते, भाचा सामने बघतो, आणि सहीबाई गुरुवारी त्यावरून लोकर मागवतात. दोन वर्षांपूर्वी भाचेसुनेनेच त्यांचं खातं उघडून दिलं होतं. स्मरणशक्तीबद्दल शोधलं तर सगळ्यात वर एक चाचणी आली, फिकट निळी, कोपऱ्यात पानाचं चित्र. सौम्य प्रश्न होते. काल रात्री काय जेवलात. शंभरातून सात वजा करत जा. धाकटीने सहा प्रश्नांची उत्तरं हसत हसत दिली, मध्येच “बाई, शाळेत पण मी यातच मार खाल्ला होता” असंही म्हणाली. सातवा प्रश्न होता: स्वतःच्याच गल्लीत कधी वाट चुकल्यासारखं झालं आहे का? खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. धाकटीने हात लांब करून टॅबचं झाकण मिटलं. “पुरे,” म्हणाली. तो “पुरे” सहीबाईंच्या कानात अजून होता. त्यांच्या हिशेबी ती गोष्ट तिथे, त्या झाकणाखाली मिटली होती.

दुपारी त्या धाकटीच्या घरी पोचल्या. भाच्याने दार उघडलं. तो घरी होता यावरूनच त्यांना काय ते कळलं. धाकटीच्या खोलीचं दार लावलेलं होतं. “मावशी, बस,” भाचा म्हणाला, आणि हलक्या आवाजात, म्हणजे पलीकडच्या खोलीत नक्की ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आई चिडलीय. तूही मला सांगितलं नाहीस, याचं मलाही वाईट वाटलं, खरं सांगतो.”

“मी सांगितलं नाही ना?” सहीबाई ताडकन म्हणाल्या. “मग मोठ्याने बोल. तिला ऐकू जाऊ दे. मी सांगितलं नाही!”

भाचा ओशाळला. मग त्याने सगळं सांगितलं. आठ दिवसांपूर्वी त्याची बायको कांदा चिरता चिरता टॅबवर काहीतरी बघत होती, आणि मध्येच फिकट निळी जाहिरात आली: तुम्ही सातव्या प्रश्नावर थांबला होतात. आईच्या विसरण्याची काळजी वाटते? चाचणी पूर्ण करा. तिने तिकडे दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या फोनवर आली. मग स्मरणशक्तीच्या गोळ्या आल्या, मग हरवलेल्या माणसाला शोधणारं घड्याळ आलं, मग शहराबाहेरचं एक निवासस्थान आलं, ज्याच्या हिरवळीवर पांढऱ्या केसांची माणसं कारण नसताना हसत होती. “घरात पांढऱ्या केसांचं माणूस एकच,” भाचा म्हणाला. “मी आईवर लक्ष ठेवायला लागलो. परवा तिने दूध दोनदा तापवलं. मग मी वाचनालयाच्या चिटणिसांना भेटलो, आणि चावी त्यांच्याकडे देऊन आलो. उद्या कुठे भलतीकडे गेली बिली तर?”

“तिला विचारलंस?”

“विचारायचं काय मावशी? दिसतच होतं की.”

हे वाक्य सहीबाईंनी याआधी ऐकलेलं होतं. तंतोतंत हेच नाही, पण याच चालीचं, आणि तेही एका चांगल्या माणसाच्या तोंडून. त्यांच्या अंगावर बारीक काटा आला, पण त्या क्षणी तो कशाचा ते उमगलं नाही, कारण भाचा आता टॅब घेऊन त्यांना समजावत होता. हे असं असतं, मावशी. आपण एखाद्या दुकानात शिरलो की ते आपल्या नकळत आपल्या खिशात एक चिठ्ठी टाकतात. आपण पुढच्या दुकानात गेलो की तो दुकानदार ती चिठ्ठी काढून वाचतो. त्यालाच कुकी म्हणतात.

“खिसा माझा ना?” सहीबाई म्हणाल्या.

“हो, पण तू परवानगी दिलेली असतेस. ती खाली पट्टी येते बघ, मान्य आहे का म्हणून.”

“कुठलीही पट्टी आली नाही. मी समोर बसले होते. पट्टी आली असती तर मी वाचली असती.” हे बोलताना त्यांचा आवाज एवढासा कापला, कारण पट्टी वाचली असती की नाही याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. भाच्याने इकडेतिकडे बोटं फिरवली, आत आत जात राहिला, एका पानामागे दुसरं पान, आणि शेवटी म्हणाला, “सापडलं. तुझ्याच खात्यावर आहे. दोन वर्षांपूर्वीची संमती. लोकरीच्या दुकानाची.” लोकरीचं दुकान त्याच कंपनीचं, चाचणीही त्याच कंपनीची, गोळ्या आणि घड्याळं विकणारी दुकानंही तिचीच. एकदा एका दारात हो म्हटलं की सगळ्या दारांना तो होकार लागू. म्हणून त्या गुरुवारी पट्टी आलीच नाही. त्यांनी विचारलंच नाही, कारण त्यांच्या मते विचारून झालं होतं.

“मी लोकरीला हो म्हटलं होतं,” सहीबाई म्हणाल्या. “राखाडी लोकरीला.”

धाकटीच्या बंद दाराशी जाऊन त्यांनी ते सगळं पुन्हा सांगितलं, दाराला तोंड लावून, जमेल तसं. आतून आवाज आला, “टॅबने सांगितलं म्हणे! ताई, टॅबला काय तोंड आहे? जा तू.” त्या निघाल्या.

रस्त्याने चालताना त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पायाखालच्या फरशा मोजत चालायची त्यांची सवय, पण आज मोजणी सारखी मोडत होती. राखाडी लोकर. सहा गुंडे. खाली पट्टी आली होती खरी, आठवतंय, जाड निळं बटण, मान्य आहे. आणि त्याच्या शेजारी काहीतरी पुसट राखाडी, डोळ्यांवर ताण दिल्याशिवाय न दिसणारं, जसं काही कुणी त्यावर तळहात ठेवला होता. तळहात हा शब्द मनात आला आणि सहीबाई जिथे होत्या तिथेच थांबल्या. मागून येणारा माणूस त्यांना धडकता धडकता वाचला, “आजी, सांभाळून,” म्हणाला आणि पुढे गेला. त्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. काटा कशाचा होता ते आता कळलं.

नोकरीचं दुसरं वर्ष, वय सव्वीस. खिडकीवर एक पंखा होता, सदान्‌कदा घरघरणारा, आणि त्याच्या वाऱ्याने संमतीपत्र उडायचं. म्हणून पेशंट सही करत असताना त्या डाव्या हाताचा तळवा कागदावर दाबून धरायच्या. शिवणकाम करणारी एक बाई आली होती, बोटाला सुईचे टोचे, ओढणीला धागे चिकटलेले. पोटात गाठ होती, ती काढायची होती. “इथे सही करा,” सहीबाईंनी सांगितलं आणि कागद दाबून धरला. बाईने सही केली, अक्षर शिलाईसारखं सरळ. तीन महिन्यांनी ती बाई परत खिडकीशी आली. कृश झाली होती. म्हणाली, “माझी सही बघायचीय.” कागद दाखवणं नियमात बसत होतं की नाही कोण जाणे, पण सहीबाईंनी तो काढला. बाईने बराच वेळ तो पाहिला. “सही माझीच आहे,” ती म्हणाली. “पण मी गाठीला हो म्हटलं होतं. पिशवी काढायला मी कधी हो म्हटलं?” सहीबाईंनी कागद स्वतःकडे वळवला. छापील मजकुरात, गाठीच्या नावाखाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती: व शस्त्रक्रियेदरम्यान जे आवश्यक वाटेल ते. आणि ती ओळ नेमकी जिथे होती, तिथे त्या रोज तळवा ठेवायच्या. रोज. दीड वर्ष. मोठ्या डॉक्टरांना विचारायला गेल्या, तर ते शांतपणे म्हणाले, “पोट उघडलंच होतं. दिसतच होतं की काढायला हवं. तिच्या भल्याचंच केलं.” भला माणूस होता तो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा वॉर्डात यायचा. म्हणूनच त्याच्यावर धड रागावताही आलं नाही, आणि तो न आलेला राग सहीबाईंच्या आत कुठेतरी तसाच घडी घालून राहिला. शिवणवाली बाई भांडली नाही. जाताना तिने सहीबाईंच्या तळहाताकडे पाहिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक गुळगुळीत दगड आणला आणि कागदाच्या कोऱ्या कडेवर ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी एकही सही वाचून दाखवल्याशिवाय घेतली नाही. आणि वाचून झालं की म्हणायच्या, “आता तुमच्या शब्दांत मला सांगा, काय करणार आहेत ते.” लोक वैतागायचे. रांग वाढायची. डॉक्टर आतून निरोप पाठवायचे, सहीबाईंना म्हणावं परीक्षा घेऊ नका. पण एखादा म्हातारा अडखळत म्हणायचा, “म्हणजे बघा, डोळ्यावरचा पडदा काढणार, आणि काच बसवणार, आणि जमलं तर दिसेल, नाही जमलं तर आहे तसंच,” तेव्हाच त्या पेन पुढे करायच्या. बारीक ओळ आली की सांगायच्या, “ही नको असेल तर खोडा. खोडायला शाई लागत नाही, धीर लागतो.” बत्तीसएक वर्षं त्यांनी हेच केलं. आणि मग एका दुपारी, राखाडी लोकरीचे सहा गुंडे संपतील या घाईत, त्यांनी स्वतः न वाचता निळं बटण दाबलं. कुणाचा तळहात होता तो? पायरीवर बसल्या बसल्या त्यांना रडू आलं नाही, इतका राग आला होता. स्वतःचा आला होता, हे खरं. पण स्वतःवर रागावून माणूस पुरता मोकळा होत नाही. त्या कंपनीत कुणीतरी बसून ठरवलं असणार ना, हे बटण निळं करू, ते पुसट करू. माणसांच्या खोलीत, चहा पीत. कुणीतरी म्हटलं असणार, अजून थोडं पुसट करा.

घरी आल्यावर त्यांनी कंपनीला फोन लावला. सत्तावीस मिनिटं एकच सूर वाजत राहिला, मध्येमध्ये एक आवाज तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे म्हणत राहिला, आणि प्रत्येक वेळी सहीबाई “मग घ्या ना फोन” असं उत्तर देत राहिल्या. शेवटी एक मुलगी आली. गोड, थकलेला आवाज.

“मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे आपण संमती दिलेली आहे.”

“कशाला?”

“आमच्या सर्व संकेतस्थळांना आणि सहकाऱ्यांना.”

“सहकारी किती?”

थोडी टकटक ऐकू आली. “आठशे चौदा.”

“आठशे चौदा!” सहीबाई उठून उभ्या राहिल्या. “माझ्या बहिणीच्या पोटच्या मुलाला ती सांगायला धजत नव्हती, आणि ते तुम्ही आठशे चौदा जणांना सांगितलंत? आमच्या लग्नांना मिळून एवढी माणसं नव्हती!”

“मॅडम, त्यात नाव नसतं. आपण संमती मागे घेऊ शकता.”

“कशी?”

मुलीने सांगायला सुरुवात केली. खात्यात जा, गोपनीयता उघडा, मग प्राधान्ये, मग सहकाऱ्यांची यादी, प्रत्येकासमोरचं बटण बंद करा, आणि काहीजण ‘कायदेशीर हित’ या नावाखाली संमतीशिवायही चालू राहतात, त्यांच्यासाठी वेगळं पान. सहीबाईंनी विचारलं, हो म्हणायला एक बोट आणि नाही म्हणायला आठशे चौदा, हे कुठल्या देवाने ठरवलं? आणि हे सगळं बंद केलं की जे गेलं ते परत येईल? “नाही मॅडम. पुढचं थांबेल. गेलेलं परत येत नाही.”

“हे तरी खरं बोललीस. आता लिहून घे. मी वाचलं नाही, ही माझी चूक. मी वाचणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तुम्ही ते तसं लिहिलंत, ही तुमची. लोकरीला दिलेला होकार लोकरीपुरता असतो. घेतलंस लिहून? आता तुझ्या शब्दांत मला वाचून दाखव.”

“माझ्या शब्दांत?” मुलगी गोंधळली. मग तिचा आवाज खाली आला, जणू मान वळवून तिने शेजारी पाहून घेतलं. “आजी, लोकरीसाठी हो म्हटलं होतं, त्यांनी विचारल्याशिवाय ते दुसरीकडे वापरलं. आणि... मी पण तेच निळं दाबते हो. रोज.” आणि मग पुन्हा मोठ्याने, “आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?”

नंतरचे चार दिवस सहीबाई त्या यादीत होत्या. सकाळी जेवणाआधी सव्वाशे, दुपारी ऐंशी. स्वतःच्या छोट्या फोनवर चष्मा कपाळावर ढकलून, कुणाकुणाची नावं वाचत, ज्यांना त्या कधी भेटल्या नव्हत्या आणि जे त्यांना ओळखत होते. एकेक बटण सरकवताना त्या “नाही” असं मोठ्याने म्हणत. घशाला कोरड पडली तरी म्हणत. हे करून काही परत येणार नव्हतं, पण हात रिकामे ठेवले असते तर त्या हातांनी काहीतरी फोडलं असतं. भाच्याला मात्र त्यांनी एकदाच फोन केला. “ती चावी परत आण आणि तुझ्या आईच्या हातात दे. द्यायची असेल तर ती स्वतः देईल.” भाचा म्हणाला, “अगं मावशी, पण शेवटी तेच होणार ना?” सहीबाई म्हणाल्या, “पोट उघडलंच होतं, असं म्हणणारे मला आयुष्यात एक डॉक्टर भेटले तेवढे पुरे.” भाच्याला ते कळलं नाही. पण त्याने चावी आणली.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. “ताई, अगं राखाडी लोकर उरलीय का? नातवाच्या टोपीला मला एवढीशी हवीय,” धाकटी म्हणाली. आणि मग शेजारणीच्या मांजरीचं, आणि गुडघ्याचं, आणि पावाला हल्ली पूर्वीची चव नाही याचं. सहीबाई जपून हं, हं करत राहिल्या, एखादा भरलेला पेला घेऊन चालावं तशा. भांडणाचा एक शब्द नाही. बंद दाराचा नाही, “जा तू”चा नाही. “बरं मग ठेवते,” धाकटी म्हणाली. “बरं मग, खरंच ठेवते. गुरुवारी येतेयस ना? बरं मग.” फोन ठेवल्यावर सहीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. सुटले, असं त्यांना वाटलं. ती विसरली. सगळं धुऊन निघालं. त्यांनी चहा केला, त्यात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली, खिडकीत बसून बाहीचे चाळीस टाके विणले. चहा गोड लागला. मग हळूहळू तो तोंडात कडवट व्हायला लागला, आणि एकेचाळिसावा टाका सुईवरून निसटला.

धाकटीने माफ केलं नव्हतं. तिच्याकडे कुणी माफी मागितलीच नव्हती. ती विसरली होती, आणि त्या विसरण्याचा फायदा आपण घेत होतो, गुपचूप, आनंदाने. तिच्या डोक्यातली एक ओळ पुसट झाली, आणि आपण म्हणालो, बरं झालं. अजून थोडी पुसट होऊ दे. सहीबाईंनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हाताने कप धरला होता, बाकी काही नाही. पण तो हात त्यांना ओळखीचा वाटला.

गुरुवारी त्या गेल्या. उरलेली राखाडी लोकर पिशवीत घेतली होती. टेबलावर वाचनालयाची चावी पडली होती, तिच्याशेजारी तारखेचा शिक्का आणि शाईची डबी. धाकटीने चहा केला, टोपीचं माप दाखवलं, हसली. विषय काढला नसता तर दुपार अशीच गेली असती.

“थांब,” सहीबाई म्हणाल्या. “आधी ऐक. आपलं भांडण झालंय. तुला आठवत नाहीये, पण झालंय.”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. विसरलं हे कळण्याची भीती सहीबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहिली, आणि आपण हे का करतोय असं त्यांना क्षणभर वाटलं. पण त्या सांगत राहिल्या. हात बाजूला ठेवून, एकेक वाक्य, जसं खिडकीत बसून सांगायच्या तसं: चाचणी, सातवा प्रश्न, जाहिरात, भाचा, चावी, लोकर, निळं बटण. स्वतःची चूक बारीक आवाजात नाही, सगळ्यात मोठ्याने सांगितली. आणि शेवटी, जुन्या सवयीने, म्हणाल्या, “आता तुझ्या शब्दांत मला सांग.”

धाकटीने चावीकडे पाहिलं. “तू राखाडी लोकरीला हो म्हणालीस,” ती सावकाश म्हणाली. “त्यांनी तो धागा ओढत ओढत माझ्या डोक्यापर्यंत आणला. माझं गुपित माझ्या मुलाला माझ्याआधी सांगितलं. आणि तू वाचलं नव्हतंस.” तिने मान वर केली. “बरोबर?”

“बरोबर.”

“आणि मी विसरले होते, तर तुला गप्प बसता आलं असतं.”

“आलं असतं.”

“हं. मग मला आता राग आलाय,” धाकटी म्हणाली, आणि खरोखरच तिला राग आलेला होता. गाल लाल झाले होते, आवाज घट्ट झाला होता, तीस वर्षांपूर्वी व्हायचा तसा. “माफ वगैरे नाही हं मी केलेलं. आज नाही.”

“नको करूस.”

“पुढच्या वेळी परत सांगशील? सगळं? मी विसरले असले तरी?”

“सांगेन.”

“आणि हो म्हणायचं की नाही ते मी त्या त्या वेळी ठरवीन. एकदा म्हटलं म्हणजे कायमचं, असलं मला चालणार नाही.” तिने खणातून पुस्तकाच्या आत डकवायची एक कोरी चिठ्ठी काढली, पेन उघडलं, आणि आपल्या ठसठशीत अक्षरात वर लिहिलं: ताईवरचा राग. मग शिक्क्याची चाकं फिरवून पुढच्या गुरुवारची तारीख लावली, एकदा कॅलेंडरशी ताडून पाहिली, शाईत दाबला, आणि परत तारखेच्या रकान्यात दाणकन उमटवला. चिठ्ठी सुटी होती, खिडकीतून वारा येत होता, ती उडायला लागली. सहीबाईंचा डावा हात आपसूक पुढे झाला आणि मध्येच थांबला. त्यांनी चावी उचलली आणि चिठ्ठीच्या कोऱ्या कडेवर ठेवली.